ही कोण तुझी?

हरवलेलं मूल रडत असलं की मला बरं वाटायचं. असं म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, पण आमच्या कामात ते अगदी सरळ होतं. रडणारं मूल चार लोकांना दिसतं, ऐकू येतं, आणि कुणीतरी त्याचा हात धरून त्याला आमच्या माईकच्या खोपटात आणून सोडतं. न रडणारं मूल गर्दीत मिसळून जातं. ते कुठल्याही कुटुंबाच्या मागून चालत राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं, असेल त्यांचंच. अशा मुलांची मला धास्ती असायची.

मी आनंदमेळ्यात माईकवर बोलायची. मोठा पाळणा, मौत का कुआँ, आरसेमहाल, बंदुकीनं फुगे फोडायचा स्टॉल, कपबश्यांची आणि क्रोकरीची दुकानं असा सगळा पसारा घेऊन आमचा मेळा दिवाळीनंतर ठाण्याला लागायचा. तिथून उठला की कल्याण, मग डोंबिवली. मी नौपाड्यात वाढलेली, बी.ए. झालेली, बँकेच्या परीक्षा देऊन देऊन कंटाळलेली. आवाज मात्र ठणठणीत. ओळखीच्या साउंड सर्व्हिसवाल्यानं एका सीझनपुरतं विचारलं आणि मी हो म्हणून बसले. "एवढी शिकलीस ती जत्रेत ओरडायला?" असं आई म्हणाली. वडील लोकांना सांगायचे, "ती निवेदिका आहे." दोघांचंही खरंच होतं. एका सीझनचे पुढे कितीतरी सीझन झाले. नंतरची काही वर्षं मी ठाण्याबाहेरच्या एका कायमस्वरूपी पार्कमध्ये काढली. तिथे काचेची केबिन होती, पंखा होता, पण काम तेच होतं.

या कामाला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकदा त्या खुर्चीत बसवलं असतं. मूल आणलं की पहिल्यांदा पाणी द्यायचं, नाव नंतर विचारायचं. वडिलांचं नाव विचारून उपयोग नाही, कारण लहान मुलांच्या वडिलांचं नाव पप्पा असतं. पत्ता विचारूनही उपयोग नाही. त्यापेक्षा "तुझ्या घराखाली कसलं दुकान आहे?" हे विचारलं की मूल सांगतं, कारण त्या दुकानातल्या गोळ्या त्याला पाठ असतात. मग माईकवरून पुकारायचं ते आईबापांना, मुलाला कधीच नाही. हरवलेल्या मुलाला भोंग्यातून स्वतःचं नाव ऐकू आलं तर ते आणखी घाबरतं आणि पळत सुटतं. मूल आमच्यापाशी असलं की आमचं एक ठरलेलं वाक्य असायचं: "आपलं माणूस कार्यालयात सुखरूप आहे, येऊन घेऊन जावं." मुलाचं नाव, मग हे वाक्य. दिवसातून कितीदा म्हणायची, मोजलं नाही.

उलट्या बाजूनं, मूल हरवलंय म्हणून जेव्हा बाप यायचे तेव्हा खरी गंमत. कपडे काय होते, विचारलं की बाप बायकोकडे बघायचा. बायको सोबत नसली तर आकाशाकडे. "शर्ट... असेल काहीतरी चौकटीचा." एक सफारीतले गृहस्थ आले आणि म्हणाले, "अहो, माझी बायको आणि दोन मुलं हरवलीत." बायको आधीच माझ्याजवळ येऊन बसलेली होती, नवरा हरवला म्हणून पुकारायला. मुलं दोघांनाही सोडून आईस्क्रीम खात होती. त्या दोघांचं त्या दिवशी माझ्यासमोर जे भांडण झालं ते मी माईक बंद करून ऐकलं, हे माझं सौजन्य.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मूल परत देण्याचा. माझी पहिली मालकीण म्हणजे मेळा चालवणाऱ्या शेटजींची आई, म्हातारी पण तल्लख. तिनं तो मला घालून दिला. कुणी कितीही रडो, ओरडो, मूल लगेच द्यायचं नाही. आपला हात मुलाच्या खांद्यावर ठेवायचा आणि मुलाला विचारायचं, "ही कोण तुझी?" मुलानं तोंडानं सांगितलं की मगच खांद्यावरचा हात काढायचा. मूल बोललं नाही तर हात तिथेच. या नियमावरून मी शिव्याही खाल्ल्यात. एका मुलीला वडिलांकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण तुझे?" तर ती म्हणाली, "हे ओरडतात." मी म्हटलं, एवढं पुरे, ओळख पटली.

पार्कमध्ये गेल्यावर एक नवीन गोष्ट ऐकायला लागली. "आम्ही तिकीट काढलंय, मुलांवर लक्ष ठेवणं तुमची जबाबदारी." मी वाद घालत नसे. पाण्यात खेळायला मुलांना सोडून आईवडील वरच्या मजल्यावर इडली खात बसायचे आणि मग खाली येऊन रखवालदाराच्या अंगावर जायचे. राग यायचा. पण मेळ्याच्या वर्षांत एक गोष्ट शिकले होते, की जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मूल हरवल्यावर विचारला की त्याचं उत्तर नेहमी सगळ्यात दुबळ्या माणसाकडे जाऊन थांबतं. हे मला चांगुणाबाईमुळे कळलं, आणि लिहायला बसले आहे तेही तिच्यासाठीच.

आमच्याकडे एक सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती: आईबाप आणि दोन मुलं आली तर मूल क्वचित हरवतं, मोठा गोतावळा आला की हमखास हरवतं. चार माणसं असली की प्रत्येकाला मूल दिसत असतं. पंधरा-वीस माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याजवळ आहे. आत्याकडे असेल, मामीनं घेतलं असेल, आजीबरोबर पुढे गेलं असेल.

ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातलं असंच एक मोठं कुटुंब लग्न उरकून दुसऱ्या दिवशी मेळ्यात आलं. त्यांच्याकडे लग्नाला घरच्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. दुकानातून एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या घराघरासाठी उचलतात. लांबून बघितलं की कळतं, ही सगळी एका घरची. त्या दिवशी त्या हिरव्यागार साड्यांतच सगळ्या फिरायला निघाल्या होत्या, डोक्यातली अबोली अजून ताजी. मला खोपटातून त्या येताना दिसल्या आणि छान वाटलं, एवढं मला आठवतं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या सगळ्या माझ्या खोपटाभोवती जमलेल्या होत्या. पारू नावाची चार वर्षांची मुलगी हरवली होती. पिवळा फ्रॉक, हातात काचेच्या बांगड्या, लग्नात रंगवलेले मेंदीचे हात. ती तिची धाकटी काकी चांगुणा हिच्या हाताशी होती. चांगुणाला तेव्हा लग्न होऊन एक-दोनच वर्षं झालेली, स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे पारू कायम तिच्याच कडेवर. पाळण्याच्या तिकिटांची रांग लागली होती, चांगुणा पदर सारखा करायला थांबली आणि तिनं पारूचा हात शेजारच्या बाईच्या हातात दिला. "धर गो हिला" म्हणाली. शेजारचा हात हिरव्या पदरातून पुढे आला आणि त्यानं पारूला घेतलं. पदर खोचून तिनं वर बघितलं तर बायका पुढे सरकलेल्या. पारू कुणाबरोबरच नव्हती.

"कुणाच्या हातात दिलीस?" मी विचारलं.

"आमच्यातल्याच कोनाच्या तरी. साडी आमचीच व्हती."

"तोंड बघितलं नाहीस?"

"नाय बाय. तोंड नाय पायलं."

मी एकेकीला विचारलं. नणंदेला, चुलतसासूला, नव्या नवरीलासुद्धा. "तुझ्या हातात दिली का?" प्रत्येकीनं नाही म्हटलं, देवाची शपथ घेऊन. पारूची आई यमुना बाकावर आडवी पडली होती. कुणी तिच्या तोंडावर पाणी मारत होतं, कुणी तिचं सहा महिन्यांचं बाळ सांभाळत होतं. तिला कुणी काहीच विचारलं नाही. आईला कोण विचारतं?

मी पुकारत राहिले. शेटजींनी पाळणा थांबवला, फाटकं लावली, आमची सगळी माणसं तंबूंच्या मागे, जनरेटरच्या गाडीखाली शोधत होती. पोलीस आले, नोंद झाली. नंतर कितीतरी दिवस शोध चालला. खाडीत बघितलं, स्टेशनांवर बघितलं. पारू सापडली नाही. ती न रडणारी मुलगी होती, असं तिची आजी सारखी सांगत होती. अतिशय गुणी, कुणीही हात धरला तरी जायची.

मेळा ठाण्याहून उठून कल्याणला लागला तेव्हा चांगुणा तिथे आली. तेव्हा मला कळलं की सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आहे. माहेर आंबिवलीकडे, भावाचं. सासूनं म्हणे सांगितलं, साडी आमची आणि हात कुणाचा ठाऊक नाही असं कधी होतं का, हिनंच गर्दीत पोर टाकली आणि आता गोष्ट रचते. नवऱ्यानं मान खाली घातली. ज्या घरात पारू नाही त्या घरात पारूच्या काकीला जागा राहिली नाही.

ती मला म्हणाली, "बाय, एकदा पुकारशील?"

"अहो, ती ठाण्यात हरवली. इथे कशी असेल?"

"मेला इथं आला ना. लोक बोलतात मेलेवाले पोरं पलवतात. तुमच्यातल्याच कोनी ठेवली असंल तर आयकंल."

माझ्या तोंडावर तिनं हे सांगितलं. मला राग यायला हवा होता. आमच्या माणसांची मुलं तंबूत वाढत होती, त्यांच्या बायका परक्या मुलांना पाणी पाजत होत्या, आणि ही आम्हाला चोर म्हणत होती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी माईक चालू केला.

त्यानंतर ती दर वर्षी आली. ठाण्याला, कल्याणला, डोंबिवलीला, प्रत्येक मुक्कामात एकदा तरी. भावाकडे भाजीचा मळा होता, नदीकाठी. दुपारपर्यंत तिथे राबायची आणि मग यायची. येताना मला वांगी नाहीतर भेंडी आणायची. मोठ्या पाळण्याच्या पायथ्याशी एक लाकडी खोका होता, त्यावर बसून वर जाणारी-खाली येणारी माणसं बघायची. पाळण्यात ती कधी बसली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघायची, आणि वर्ष सरेल तशी तिची नजर थोडी उंच जायची. पहिल्या वर्षी ती कमरेएवढ्या मुली बघत होती. मग छातीएवढ्या.

शेटजी वैतागायचे. "बाई, रोज-रोज गुमशुदा लडकी का अनाउन्समेंट? पब्लिक डर जाती है. धंदा खराब होता है." त्यांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, रोज नाही, ती येईल त्या दिवशी एकदाच. ते पुटपुटत निघून जायचे. पण त्यांनीच पाळणेवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो खोका हलवायचा नाही.

सुरुवातीला मी नेहमीसारखंच पुकारायची: पिवळा फ्रॉक, मेंदीचे हात, चार वर्षांची पारू. पुढच्या वर्षी पाच वर्षांची म्हटलं. मग सहा. एका वर्षी माझी जीभ अडखळली. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली असणार, तिला पिवळ्या फ्रॉकात कसं पुकारायचं? मी माईक बंद करून चांगुणाबाईला विचारलं, "आता काय सांगू?"

तिनं पाळण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आता लोकांना सांगू नको. लोकांना काय गावली नाय. आता ती मोटी जाली, आयकून समजंल तिला. तिलाच सांग."

आमचा पहिला नियम, मुलाला कधी पुकारायचं नाही. मी इतकी वर्षं पाळला होता. त्या दिवशी डोंबिवलीच्या मैदानात मी पहिल्यांदा हरवलेल्या मुलीशी बोलले. "पारू, तू इथे असशील तर मोठ्या पाळण्याजवळ ये. तुझी काकी तिथे बसली आहे." एवढंच. लोकांना वाटलं, कुणी साधी चुकामूक झालेली मुलगी आहे. कुणाला भीती वाटली नाही. पुढे सगळी वर्षं मी हेच वाक्य म्हटलं. म्हणताना माझा आवाज कधी सरळ राहिला नाही आणि निवेदिकेनं हे लिहायला नको, पण खरं आहे.

मी तिला समजावायचाही प्रयत्न केला. "चांगुणाबाई, तुम्ही तरुण आहात. नवऱ्याला निरोप पाठवा, नाहीतर दुसरं काही बघा. किती दिवस असं बसायचं?" ती हसायची. "मी बसले नाय, तर कोन बसंल? ती आली नि कोनीच नसलं तर?" एकदा मी चिडून म्हटलं होतं, "अहो, ज्या बाईनं तो हात धरला ती तुमच्या घरात आरामात जेवतेय, आणि तुम्ही इथे खोक्यावर!" तेव्हा मात्र ती एकदम उठून उभी राहिली. "तसं बोलू नको बाय. ती कोन असंल, ती पन जेवत नसंल." मला वाटलं, हा तिचा भोळेपणा.

आमच्या मेळ्याच्या शेवटच्या एका सीझनची गोष्ट. मैदानं एकामागून एक इमारतींना जात होती, लोकांना पार्कं हवी होती, शेटजी सगळं विकायच्या विचारात होते. कल्याणचा मुक्काम होता, रविवार, दुपार कलत आलेली. खोपटाच्या खिडकीशी एक चाळिशी ओलांडलेली बाई उभी राहिली. कष्टानं रापलेली, नाकात मोठी नथ, काखेत दुकानाची नवी कापडी पिशवी. ती फाटकाशी बराच वेळ घुटमळत होती, हे मी पाहिलं होतं. मेळ्यात पाऊल टाकायला तिला जड जात होतं.

"बाय, एक बाई हरावली हाय," ती म्हणाली. "पुकारायची हाय."

मी सवयीनं विचारलं, "कपडे काय आहेत?"

"ठाव नाय."

"वय?"

"माज्यापरीस धाकटी. पन आता कशी दिसते ठाव नाय मला. लई वर्सं पायली नाय."

"नाव?"

"चांगुणा. माजी जाव."

मी नीट बघितलं. बाकावर आडवी पडलेली, तोंडावर पाणी मारलेली ती बाई. पारूची आई यमुना. चांगुणाच्या भावाकडे जाऊन आली होती, त्यानंच तिला सांगितलं होतं की ती मेळ्यात असेल.

माझे हात नेहमीच्या सवयीनं चालले. बटण दाबलं, आणि तोंडातून नेहमीचंच वाक्य बाहेर पडलं. "चांगुणाबाई, कार्यालयात या. आपलं माणूस कार्यालयात सुखरूप आहे, येऊन घेऊन जावं."

बटण सोडल्यावर मला समजलं, मी काय बोलले ते. पण तोवर उशीर झाला होता. हे वाक्य ऐकायला ती बाई इतकी वर्षं त्या खोक्यावर बसली होती. ती पाळण्याकडून धावत आली. आया धावतात तशी, पदर सुटलेला, एक चप्पल वाटेत टाकून. दारात तिनं चौकट धरली आणि आत सगळीकडे बघितलं. बाकावर, टेबलाखाली, माझ्या मागे.

"गावली? बाय, पारू गावली?"

मी नकारार्थी मान हलवली. मग तिला कोपऱ्यात उभी असलेली यमुना दिसली.

ती धापा टाकत तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती पडेल की काय असं वाटून. यमुनानं पिशवीतून एक साडी काढली. लिंबाच्या रंगाची, जांभळ्या काठाची.

"थोरल्याचं लगीन हाय," ती म्हणाली. "पारूच्या मोठ्या भावाचं. साऱ्या काढल्या सगल्यांना, एका रंगाच्या. दुकानात बसलेली, मानसं मोजत. ही हिला, ही हिला. तुजं नाव कोनीच घेतलं नाय. नि मंग मी बोलले, अजून एक काढा. कोनाला, इचारलं. मला बोलता येईना."

तिनं साडी पुढे धरली, पण चांगुणानं घेतली नाही.

"ती माज्या हातात दिलेलीस तू," यमुना म्हणाली. "मीच धरलेली. पाच पावलं चालले. बारका खांद्यावरून खाली घसरला म्हनून हात सोरला, त्याला वर घेतला, नि परत हात खाली केला तं हात नाय. मला वाटलं तुज्याकडं परत गेली. मंग सगल्या इचाराय लागल्या, कोनाच्या हातात दिली, कोनाच्या हातात दिली. मी आय हाय गो. आयनं कसं सांगायचं, मीच सोरली म्हनून? आज सांगते, उद्या सांगते. तुला घरातनं काढली तवा पन माज्या तोंडातनं सबूद नाय निगाला."

मेळ्याचा आवाज बाहेर चाललाच होता. मौत का कुआँची मोटरसायकल घुमत होती. मला वाटलं, चांगुणा आता ओरडेल, मारेल, मी असते तर मारलं असतं. या बाईचं सगळं तरुणपण त्या खोक्यावर गेलं होतं.

चांगुणा हळू आवाजात म्हणाली, "मला ठाव व्हतं."

यमुनानं मान वर केली.

"तोंड नाय पायलं, पन बांगड्या पायल्या. चुरा तुजाच व्हता. तोंड कशाला बगाया पायजे?"

"मग सांगितलं का नाही?" हे मीच ओरडले. मला राहवलं नाही. "इतकी वर्षं? मला तरी सांगायचं!"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. रागानं नाही. मला काहीतरी साधं समजत नाही, आणि ते समजावून सांगायला हवं, असं.

"काय सांगू, बाय? हिची पोर गेली व्हती. तिला अजून सांगू, तूच सोरलीस म्हनून? बारका अंगावर पित व्हता. मेली असती ती. माजं काय, मी काकी."

यमुना जमिनीवर बसली. तोंडात पदर कोंबून रडत होती आणि तिच्या रडण्याला आवाज नव्हता. मी चांगुणाच्या खांद्यावरचा हात काढायला विसरले होते. गप्प राहवेना. शेवटी इतकी वर्षं जे म्हणत आले तेच माझ्या तोंडून आलं. यमुनाकडे बोट दाखवून मी विचारलं, "ही कोण तुमची?"

मला वाटलं, ती 'माझी जाऊ' म्हणेल. किंवा कुणी नाही म्हणेल, आणि मी ते मान्य केलं असतं. नियम नियम होता.

चांगुणानं खाली बघितलं. "पारूची आय," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरचा हात काढला.

यमुना उठली. तिनं चांगुणाचं मनगट धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, आणि दोघी दाराबाहेर पडल्या. वाटेत पडलेली चप्पल चांगुणानं पायात सरकवली. मोठ्या पाळण्यापाशी ती क्षणभर थांबली, खोक्याकडे बघितलं. यमुनाही थांबली. मग दोघी फाटकाकडे निघाल्या.

रविवारची गर्दी आत येत होती आणि त्या उलट दिशेनं जात होत्या. मी खोपटाच्या दारात उभी राहून बघत होते. माणसांचे धक्के लागत होते. साडीची ती नवी पिशवी यमुनाच्या खांद्यावरून घसरली, दंडावर आली, मग कोपरापाशी येऊन लोंबकळायला लागली. तिला ती वर घ्यायला हवी होती. तिनं घेतली नाही. फाटकाबाहेर दिसेनाशा होईपर्यंत तिनं हात सोडला नाही.